भराव

सतराव्या वर्षी पुढच्या दोन दातांत फट पडली.
आत्या म्हणाली, फटवाली पोर नशिबाची,
हिच्या हातात पैसा टिकणार.
मी आरशासमोर जिभेचं टोक लावून पाहिलं,
एक तांदूळ मावेल एवढं नशीब.

दुखत नव्हतं. हेच सांगते सगळ्यांना,
कुणालाच पटत नाही.
हिरडी लाल नव्हती, दात किडका नव्हता,
ब्रश दोन वेळा.
फक्त एका रविवारी
सुकटीबरोबर भाकरी चावताना
खालची दाढ हलली,
मोरीतली सुटलेली फरशी हलते तशी,
पाय पडला तर कळते, एरवी नाही.

नेरूळच्या डेंटल कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
केंजळे मॅडमनी बारीक सळई हिरडीखाली सरकवली
आणि शिकाऊ मुलाला आकडे सांगू लागल्या.
तीन. दोन. आठ.
तीन. तीन. नऊ.
मुलगा मान खाली घालून लिहीत होता.
नऊला थांबला.
नऊच लिही, मॅडम म्हणाल्या.

मग एक्सरे.
दाढेभोवतीचं हाड खाली उतरलेलं
आणि मुळं उघडी,
घणसोलीच्या खाडीत ओहोटीला
तिवरांची दिसतात तशी.
या वयात असं काहींचं होतं, म्हणाल्या,
गुपचूप होतं. घरात आणखी कुणाला?
आईनं पदर तोंडावर घेतला.
तिचे पस्तिशीतच गेले.
हिच्या वेळचं बाळंतपण, ती म्हणाली,
आणि माझ्याकडे पाहिलं,
मीच चावून खाल्ल्यासारखं.

बाबांनी बावीस वर्षं डंपर चालवला.
उलव्याच्या चिखलात मुरूम ओतला, रात्रपाळीनं.
मॅडम कागदावर चित्र काढून सांगत होत्या:
हिरडी उघडायची, आतलं सगळं खरवडायचं,
खड्ड्यात हाडाचा चुरा भरायचा,
वर पातळ पडदा, मग टाके.
पडदा कशाला? बाबांनी विचारलं.
हिरडी उतावळी असते, हाड सावकाश.
पडदा नसला तर हाड यायच्या आत
हिरडीच जागा बळकावते.
बाबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.
आमच्या सातबाऱ्याची गोष्ट
मॅडमना माहीत असायचं कारण नव्हतं.

हाड कुणाचं?
माणसाचंच. पेढीतून येतं, नाव नसतं.
बाईचं का बाप्याचं? आईनं विचारलं.
कुणालाच सांगता आलं नाही.
अर्ध्या ग्रॅमची किंमत ऐकून
बाबांनी बोटांच्या पेरांवर खेपा मोजल्या,
मग हात खिशात घातले.

हिरव्या कापडाला एक भोक, त्यात माझं तोंड.
दुखत नाही, पण ऐकू येतं,
स्वतःचं हाड खरवडलं जाताना
आवाज कानातून नाही, कवटीतून येतो.
कुणीतरी म्हणालं, चुरा ओला करून घ्या.
कुणीतरी जेवणाच्या डब्याबद्दल बोललं.

दहा दिवस गार पेज.
हसायचं नाही, खळखळून चूळ भरायची नाही.
मी रोज विचारायची, आलं असेल का हाड,
आणि बाबा रोज तेच सांगायचे:
"भराव हाय त्यो. लगीच बसं नाय.
दोन पावसाले जाव दे, मंग बांधाचं."
उलव्यात कुणी दोन पावसाळे थांबलं होतं का,
हे मी विचारलं नाही.

वर्षभरानं नऊचे पाच झाले.
पाच चांगलं, मॅडम म्हणाल्या,
तीन होईलच असं नाही.
दर तीन महिन्यांनी यायचं, जन्मभर.
दाढ हलत नाही. फट आहे तिथेच,
आत्या खूश आहे.

आज मात्र माझी तारीख नाही.
आज धाकट्या प्रणितला आणलंय, चौदाचा आहे,
खुर्चीत बसेपर्यंत मोबाइल सोडत नव्हता.
काही दुखत नाही, असं त्यानं
दारातच सांगून टाकलं.
मी बाहेर बाकावर, शेजारी बाबा,
दार अर्धं उघडं.

तीन. दोन. तीन.
दोन. तीन. तीन.

मग आवाज थांबतो.
बाबांचा हात बाकाच्या कडेवर.

जरा मोठं उघड रे तोंड, मॅडम म्हणतात,
दिसत नाहीये नीट.